१८ ऑगस्ट १९६२ ही तारीख नोंदवा : बोबो ब्राझील यांच्यासाठी एक खुले पत्र

प्रति,
नॅशनल रेसलिंग अलायन्स आणि डब्ल्यूडब्ल्यूई या व्यावसायिक कुस्तीच्या संस्थांचे चालक

विषय : बोबो ब्राझील यांच्या विजयाची अधिकृत नोंद करण्याबाबत

महोदय,
स. न. वि. वि.

दर वर्षी फेब्रुवारीत अमेरिकेत कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा महिना पाळला जातो, तेव्हा व्यावसायिक कुस्तीतले पहिले कृष्णवर्णीय जगज्जेते म्हणून रॉन सिमन्स यांचे नाव घेतले जाते आणि सोबत २ ऑगस्ट १९९२ ही तारीख सांगितली जाते. सिमन्स यांच्याबद्दल मला पूर्ण आदर आहे. पण त्यांच्या तीस वर्षे आधी, १८ ऑगस्ट १९६२ रोजी, न्यू जर्सी राज्यातील न्यूअर्क शहरात बोबो ब्राझील या मल्लाने तेव्हाचे जगज्जेते बडी रॉजर्स यांचे खांदे रिंगच्या जमिनीला टेकवले होते. ही गोष्ट एक तर सांगितलीच जात नाही, किंवा सांगितली तरी एखाद्या तळटीपेत उरकली जाते. एवढ्या मोठ्या माणसाच्या हक्काची नोंद तळटीपेत पडून राहावी हे मला मान्य नाही, म्हणून हे पत्र तुम्हाला लिहीत आहे आणि ते सर्वांना वाचता यावे म्हणून जाहीर करत आहे.

पुण्यात बसून पत्र लिहिणाऱ्या एका बाईचा या प्रकरणाशी काय संबंध, असे कोणी विचारले तर तो प्रश्न रास्त आहे. माझे माहेर सांगली जिल्ह्यातले. वडील तरुणपणी तालमीत घुमलेले आणि नंतर आयुष्यभर कुस्तीची मैदाने बघत हिंडलेले. मातीतल्या कुस्तीइतकाच त्यांना मुंबईत वरळीच्या स्टेडियमवर होणाऱ्या फ्री-स्टाइल कुस्त्यांचा नाद होता, आणि १९६८ साली दारासिंग यांनी मुंबईत लू थेझ यांना हरवल्याची हकीकत आम्हा भावंडांना त्यांच्या तोंडून ऐकून पाठ झाली होती. हे लू थेझ म्हणजे नॅशनल रेसलिंग अलायन्सचे अनेक वर्षांचे जगज्जेते. तुमच्या संस्थेचे नाव आमच्या घरात पोहोचले ते या वाटेने.

पुढे नोकरीच्या निमित्ताने मी काही वर्षे अमेरिकेत, मिशिगन राज्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात राहिले. तिथले बेंटन हार्बर हे गाव पुण्याकडच्या काही इंजिनिअरांना माहीत असते, कारण व्हर्लपूल कंपनीचे मुख्यालय त्या गावात आहे आणि तिचा एक कारखाना आपल्या रांजणगावला आहे. सेंट जोसेफ नदीच्या एका काठावर सेंट जोसेफ हे गाव आहे आणि तिथली वस्ती बहुतांश गोरी आहे. पूल ओलांडून पलीकडे गेले की बेंटन हार्बर लागते आणि तिथली वस्ती बहुतांश कृष्णवर्णीय आहे. बोबो ब्राझील हे याच बेंटन हार्बरचे. गावातल्या एका चर्चमध्ये सामुदायिक जेवणाच्या वेळी मी कुस्तीचा विषय काढला, तेव्हा माझ्या समोर बसलेले एक वयस्कर गृहस्थ काठी बाजूला ठेवून उठले. त्यांनी दोन्ही पंजांत हवेतच एक डोके धरले, टाचा उचलल्या आणि आपले कपाळ दाणकन खाली आणले. आजूबाजूच्या टेबलांवरची तीन-चार म्हातारी माणसे त्याच क्षणी एका सुरात ओरडली, ‘कोको बट!’ ब्राझील यांच्या डोक्याच्या धडकेचे हे नाव. त्या गृहस्थांनी मला ब्राझील यांची अंगकाठी हाताने उंची दाखवून सांगितली, त्यांनी गावात चालवलेल्या ‘बोबोज ग्रिल’ या खाणावळीत जेवल्याचे सांगितले आणि शेवटी म्हणाले की तो जगज्जेता होता, हे आम्हाला माहीत आहे, बाकीच्यांनी त्यांचे त्यांनी बघावे. त्यांच्या त्या बोलण्यात तक्रार नव्हती, म्हणून तक्रार मी करत आहे.

ब्राझील यांचे खरे नाव ह्यूस्टन हॅरिस. जन्म १० जुलै १९२४ रोजी आर्कान्सा राज्यातील लिटल रॉकचा. तरुणपणी ते बेंटन हार्बरच्या हाऊस ऑफ डेव्हिड या पंथाच्या संघातून बेसबॉल खेळले. नोत्र दाम विद्यापीठाकडून अमेरिकन फुटबॉल गाजवून कुस्तीत आलेले जो साव्होल्डी यांनी त्यांना हेरले आणि शिकवले. साडेसहा फूट उंची आणि सव्वाशे किलोंच्या घरातले वजन घेऊन हा माणूस रिंगमध्ये उतरला आणि चाळीसहून अधिक वर्षे उतरत राहिला. डेट्रॉइटच्या कोबो अरीनात शेख या नावाने लढणाऱ्या एड फरहात यांच्याशी त्यांचे वैर वर्षानुवर्षे रंगले. त्या शहरातल्या दोन पिढ्यांनी ते पाहिले. डिक द ब्रूझर, किलर कोवाल्स्की, फ्रेडी ब्लासी अशा त्या काळच्या प्रत्येक मोठ्या मल्लाशी त्यांनी लढती केल्या, आणि गोऱ्या प्रेक्षकांनी गोऱ्या खलनायकाविरुद्ध एका कृष्णवर्णीय नायकाच्या नावाचा जयघोष करावा, ही त्या काळी अशक्य वाटणारी गोष्ट त्यांनी रोजची करून टाकली. २० जानेवारी १९९८ रोजी सेंट जोसेफ येथे त्यांचे निधन झाले.

त्यांना ज्या परिस्थितीत हे करावे लागले ती आज ठळकपणे सांगितली जात नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते. अमेरिकेच्या अनेक भागांत, विशेषतः दक्षिणेत, कृष्णवर्णीय मल्लाने कृष्णवर्णीय मल्लाशीच लढायचे असा शिरस्ता होता. त्यांच्यासाठी ‘निग्रो’ हा शब्द लावलेल्या वेगळ्या पदव्या होत्या, आणि प्रेक्षागृहातल्या बसायच्या जागाही वेगळ्या होत्या. ज्याची कुस्तीची विद्या लू थेझ यांनी स्वतः वाखाणली तो ल्यूथर लिंडसे हा अस्सल मल्ल अशाच वेगळ्या पदवीत अडकवला गेला. थेझ यांच्याशी त्याच्या बरोबरीच्या लढती झाल्या, पण जगज्जेतेपद त्याच्या वाट्याला कधी आले नाही, आणि फेब्रुवारी १९७२ मध्ये शार्लट शहरात कुस्ती जिंकता जिंकता रिंगमध्येच त्याने प्राण सोडले. अटलांटा शहरात कृष्णवर्णीय मल्ल इतर वंशाच्या मल्लांविरुद्ध पहिल्यांदा उतरला तो ९ ऑक्टोबर १९७० रोजी. त्या दिवशी बोबो ब्राझील आणि एल मंगोल या जोडीने मिस्टर इटो आणि ग्रेट ओटा यांना हरवले. ही तारीख पुन्हा वाचावी अशी विनंती आहे. माणूस चंद्रावर जाऊन वर्ष उलटले होते, आणि मार्टिन ल्यूथर किंग यांच्या जन्मगावात ही कुस्ती व्हायला तोपर्यंतची वाट पाहावी लागली.

आता माझ्या तक्रारी.

पहिली आणि मुख्य तक्रार न्यूअर्कच्या त्या रात्रीची आहे. बडी रॉजर्स यांनी ३० जून १९६१ रोजी शिकागोच्या कोमिस्की पार्कवर ३८,६२२ प्रेक्षकांसमोर पॅट ओ’कॉनर यांच्याकडून जगज्जेतेपद घेतले होते. त्यानंतर वर्षभराने ब्राझील यांनी त्यांना न्यूअर्कला हरवले. रॉजर्स यांनी आपल्याला आधीच दुखापत झाल्याचे सांगितले, आणि जखमी माणसाकडून मिळालेला जगज्जेतेपदाचा पट्टा आपल्याला नको म्हणून ब्राझील यांनी तो नाकारला. नंतर डॉक्टरांनी तपासले तेव्हा रॉजर्स यांना काहीही झालेले नसल्याचे आढळले आणि पट्टा ब्राझील यांना देण्यात आला, असे कुस्तीच्या इतिहासकारांनी लिहून ठेवले आहे. तरीही अलायन्सच्या जगज्जेत्यांच्या यादीत रॉजर्स यांची कारकीर्द ओ’कॉनर यांच्यापासून थेट २४ जानेवारी १९६३ रोजी टोरोंटोत लू थेझ यांच्याकडून झालेल्या पराभवापर्यंत अखंड दाखवली जाते. मधल्या न्यूअर्कचा तिथे पत्ता नाही.

यावर जे उत्तर दिले जाते ते मला ठाऊक आहे. व्यावसायिक कुस्तीचे निकाल आधी ठरलेले असतात, त्या रात्रीचा शेवटही मुद्दाम वादग्रस्त ठेवलेला होता, म्हणजे पट्टा खऱ्या अर्थाने हलवण्याचा कोणाचा बेतच नव्हता, असे ते उत्तर. ते बरोबरच आहे, आणि माझा आक्षेप नेमका तिथेच आहे. खऱ्या स्पर्धेत एखाद्याला किताब मिळाला नाही तर तो कमी पडला असे म्हणता येते. नुरा कुस्तीत ती सोय नाही. इथे कोणी जिंकायचे हे बंद खोलीत बसलेली माणसे ठरवतात, आणि त्यामुळे तुमची यादी म्हणजे कोण किती बलवान होते याचा हिशेब नसून, कोणाला मोठे म्हणायचे याचा तुमच्या पूर्वसूरींनी घेतलेल्या निर्णयांचा दप्तरखाना आहे. १९४८ साली आयोवातील वॉटर्लू येथे स्थापन झालेल्या तुमच्या अलायन्सने पुढची चौपन्न वर्षे एकाही कृष्णवर्णीय मल्लाला जगज्जेता म्हणून मान्यता दिली नाही. ७ ऑगस्ट २००२ रोजी रॉन किलिंग्ज यांनी केन शॅमरॉक यांना हरवले, तेव्हा ती मिळाली. या चौपन्न वर्षांत पात्र माणूस नव्हता असे कोणीही म्हणणार नाही. ज्या कारभारात निकाल माणसे ठरवतात, त्या कारभारात नोंद न करणे हाही माणसांनीच घेतलेला निर्णय ठरतो. आणि माणसांनी घेतलेला निर्णय माणसे बदलू शकतात.

हा निर्णय बदलता येतो याचे पुरावे तुमच्याच घरात आहेत. मार्च १९८४ मध्ये न्यूझीलंडमधील वेलिंग्टन येथे हार्ली रेस यांनी रिक फ्लेअर यांच्याकडून अलायन्सचा पट्टा घेतला आणि काही दिवसांतच सिंगापूरला तो फ्लेअर यांच्याकडे परत गेला. अमेरिकेतल्या प्रेक्षकांना तेव्हा याची दाद लागू दिली नव्हती आणि त्या बदलाला मान्यताही नव्हती. आज मात्र रेस यांना आठ वेळा जगज्जेते म्हटले जाते, आणि त्या आठांत वेलिंग्टन धरलेले असते. दुसरे उदाहरण जपानचे. जून १९६८ मध्ये खुद्द बोबो ब्राझील यांनी तिथे जायंट बाबा यांना हरवून इंटरनॅशनल हेवीवेट पदवी जिंकली आणि दोनच दिवसांत ती पुन्हा बाबा यांच्याकडे गेली. जपानी यादीत ते दोन दिवस ब्राझील यांच्या नावावर व्यवस्थित लिहिलेले आहेत. एदुआर कार्पेंटिए यांनी १९५७ मध्ये थेझ यांच्यावर मिळवलेल्या वादग्रस्त विजयाचेही असेच. अलायन्सने तो अमान्य केला, तरी ओमाहा, बोस्टन आणि लॉस एंजेलिसच्या प्रमोटरांनी, म्हणजे कुस्त्या भरवणाऱ्यांनी, त्या दाव्याच्या जोरावर आपापली जागतिक पदवी उभी केली, आणि इतिहासात त्या दाव्याची चर्चा आजही सन्मानाने होते. मग वेलिंग्टनला जे मिळाले ते न्यूअर्कला का मिळू नये, याचे कारण तुम्ही लेखी द्यावे.

दुसरी तक्रार ‘पहिला’ या बिरुदाच्या वाटपाबद्दल आहे. २ ऑगस्ट १९९२ रोजी बाल्टिमोरमध्ये व्हेडर यांच्याशी कोणी लढायचे याची चिठ्ठी प्रमोटर बिल वॉट्स यांनी काढली, सिमन्स यांचे नाव निघाले, आणि त्यांनी व्हेडर यांना उचलून आपटून डब्ल्यूसीडब्ल्यू या कुस्ती कंपनीचे जगज्जेतेपद जिंकले. ते दृश्य पाहताना प्रेक्षकांतली लहान पोरे कशी उड्या मारत होती ते मी चित्रफितीत पाहिले आहे आणि त्या आनंदातून एक कणही कमी व्हावा असे मला वाटत नाही. डब्ल्यूसीडब्ल्यूचा सारा वारसा २००१ पासून डब्ल्यूडब्ल्यूईकडे आहे, म्हणून हे डब्ल्यूडब्ल्यूईला उद्देशून लिहिते. ‘डब्ल्यूसीडब्ल्यूचे पहिले कृष्णवर्णीय जगज्जेते’ हे वाक्य खरे आहे. त्यातून संस्थेचे नाव गाळून ‘पहिले कृष्णवर्णीय जगज्जेते’ एवढेच उरवले, की ते खरे राहत नाही. ब्राझील यांच्याही आधी, १९६१ मध्ये, बेअरकॅट राइट यांनी बोस्टनला किलर कोवाल्स्की यांना हरवून तिथली जागतिक पदवी जिंकली होती, आणि १९६३ मध्ये लॉस एंजेलिसला फ्रेडी ब्लासी यांना हरवून त्यांनी दुसरी जिंकली. या दोन्ही पदव्या कार्पेंटिए यांच्या त्या दाव्यातूनच निघालेल्या. हेच राइट इंडियानात वर्णभेद पाळणाऱ्या कुस्त्यांमध्ये आपण यापुढे उतरणार नाही असे जाहीरपणे बोलले आणि त्यासाठी तिथल्या राज्य क्रीडा आयोगाने त्यांना निलंबित केले. पोटावर पाय येईल हे माहीत असूनही जो बोलला, त्याचे नाव ‘पहिल्यां’च्या कथेतून गळावे, हे तुम्हाला खटकत नसेल तर ते खटकायला हवे.

तिसरी तक्रार सन्मानाच्या पद्धतीबद्दल आहे. १९९४ मध्ये बाल्टिमोर येथेच ब्राझील यांचा समावेश डब्ल्यूडब्ल्यूईच्या हॉल ऑफ फेम या सन्मानयादीत झाला आणि एर्नी लॅड यांनी त्यांचा परिचय करून दिला, हे योग्यच झाले. त्याच वर्षीच्या सन्मानितांत बडी रॉजर्स होते, ते मात्र मरणोत्तर. फ्रेडी ब्लासी होते. आणि जेम्स डडली होते. वॉशिंग्टनमधले कुस्तीचे प्रेक्षागृह चालवणारे हे कृष्णवर्णीय गृहस्थ ब्राझील यांचे मॅनेजर म्हणून पांढरा टॉवेल फिरवत रिंगपर्यंत धावत यायचे. म्हणजे न्यूअर्कच्या त्या लढतीतले दोन्ही मल्ल एकाच वर्षी तुमच्या यादीत बसले. रॉजर्स यांच्या नावापुढे जगज्जेता हा शब्द होता, आणि त्यांना ज्याने चीत केले त्याच्या नावापुढे तो नव्हता. लढत ज्या भागात झाली त्या ईशान्य अमेरिकेतल्या रॉजर्स यांच्या कुस्त्यांचा कारभार व्हिन्सेंट जे. मॅकमहन यांच्या ज्या कॅपिटल रेसलिंगकडे होता, तीच पुढे डब्ल्यूडब्ल्यूई झाली. म्हणून हा विषय फक्त अलायन्सचा आहे असे म्हणून डब्ल्यूडब्ल्यूईला हात झटकता येणार नाहीत.

त्यानंतर आलेल्यांची स्थिती आणखी वाईट आहे. सेलर आर्ट थॉमस, ल्यूथर लिंडसे, बेअरकॅट राइट या सर्वांना २०१६ पासून सुरू झालेल्या ‘लेगसी’ विभागात घातले गेले, जिथे परिचयाचे भाषण नसते, कुटुंबीयांना बोलायला मिळत नाही, आणि एका चित्रफितीत काही क्षण छायाचित्र दिसून जाते. एथेल जॉन्सन यांचेही तेच झाले. विसाव्या शतकाच्या पन्नाशीत त्या आणि त्यांच्या बहिणी बॅब्स विंगो व मार्व्हा स्कॉट यांनी कृष्णवर्णीय स्त्रियांसाठी कुस्तीचे दार उघडले. एथेल पहिल्यांदा उतरल्या तेव्हा शाळकरी वयाच्या होत्या. २०१८ मध्ये त्या गेल्या आणि २०२१ मध्ये त्यांना ‘लेगसी’त जागा मिळाली. त्याच वर्षी रेसलमेनिया या तुमच्या वार्षिक मोठ्या कार्यक्रमात साशा बँक्स आणि बियांका बेलेअर या दोन कृष्णवर्णीय स्त्रियांची लढत पहिल्या रात्रीची मुख्य लढत ठरली. त्या लढतीआधी एथेल जॉन्सन यांच्यावर पाच मिनिटे बोलायला कोणाची हरकत होती? तुम्हाला चांगले करता येते हेही इथे नमूद करते. कृष्णवर्णीय मल्लांना मिळणाऱ्या वागणुकीबद्दल आणि मल्लांच्या संघटनेबद्दल उघडपणे बोलल्यामुळे ज्यांना वर्षानुवर्षे काम नाकारले गेले, त्या थंडरबोल्ट पॅटरसन यांना २०२४ मध्ये तुम्ही व्यासपीठावर बोलावून गौरवले. तेव्हा त्यांनी ऐंशी ओलांडली होती, पण ते स्वतः हजर होते आणि स्वतः बोलले.

चौथी गोष्ट एका उपमेबद्दल. ब्राझील यांना ‘कुस्तीतले जॅकी रॉबिन्सन’ म्हणण्याची पद्धत आहे, आणि ती तुम्हालाही आवडते. १९४७ मध्ये ब्रुकलिन डॉजर्सकडून खेळून बेसबॉलमधला वर्णभेद मोडणाऱ्या रॉबिन्सन यांचे नाव घ्यायचे, तर बेसबॉलने पुढे काय केले तेही पाहावे लागेल. डिसेंबर २०२० मध्ये मेजर लीग बेसबॉलने १९२० ते १९४८ या काळातल्या निग्रो लीगना, म्हणजे कृष्णवर्णीय खेळाडूंच्या वेगळ्या लीगना, मुख्य लीगचा दर्जा दिला आणि मे २०२४ मध्ये त्या खेळाडूंचे आकडे आपल्या अधिकृत नोंदींत सामील केले. त्यामुळे फलंदाजीच्या कारकिर्दीच्या सरासरीत जोश गिब्सन हे नाव सर्वांच्या वर गेले, आणि टाय कॉब यांचे नाव, जे पिढ्यान्‌पिढ्या पहिले होते, ते खाली आले. तिथे हजारो सामन्यांचे कागद शोधून, जुनी वर्तमानपत्रे चाळून, एकेक धाव तपासावी लागली. तुम्हाला एक ओळ लिहायची आहे.

डब्ल्यूडब्ल्यूईला एक गोष्ट भारतीय प्रेक्षक म्हणूनही सांगावीशी वाटते. २००७ मध्ये ग्रेट खली आणि २०१७ मध्ये जिंदर महाल यांच्या हाती तुम्ही जगज्जेतेपदाचे पट्टे दिलेत, तेव्हा त्या नोंदींचा आमच्याकडे केवढा गाजावाजा केलात हे आम्ही पाहिले आहे. आपल्यासारख्या दिसणाऱ्या माणसाच्या खांद्यावर पट्टा पाहून गावोगावची पोरे कशी हरखतात, हे तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त कळते, कारण त्यावर तुमचा धंदा चालतो. बेंटन हार्बर, डेट्रॉइट आणि न्यूअर्कच्या पोरांनाही १९६२ मध्ये असेच वाटले असणार. त्यांच्या वाट्याची नोंद मात्र कोणी केली नाही.

म्हणून माझ्या मागण्या अशा आहेत.

नॅशनल रेसलिंग अलायन्सने जगज्जेत्यांच्या अधिकृत यादीत बोबो ब्राझील यांचे नाव, १८ ऑगस्ट १९६२, न्यूअर्क, अशा नोंदीसह घालावे. त्या रात्री काय झाले, पट्टा का नाकारला गेला आणि त्या वेळी अलायन्सने मान्यता दिली नव्हती, हे सगळे शेजारच्या रकान्यात खुशाल लिहावे. मला खोटा गौरव नको आहे, पूर्ण नोंद हवी आहे. रॉन किलिंग्ज यांच्या २००२च्या नोंदीला यामुळे बाध येत नाही, कारण त्या वेळी मान्यताप्राप्त ठरलेले पहिले तेच आहेत आणि तेच राहतील.

डब्ल्यूडब्ल्यूईने ‘पहिले कृष्णवर्णीय जगज्जेते’ हे शब्द जिथे जिथे वापरले असतील तिथे कोणत्या संस्थेचे, हे जोडावे, आणि बेअरकॅट राइट यांचे १९६१ व १९६३ मधले आणि ब्राझील यांचे १९६२ मधले विजय त्याच मजकुरात सांगावेत. समालोचकांनाही तशी सूचना द्यावी. भारतात हिंदीतून बोलणाऱ्यांनाही.

ब्राझील, राइट, लिंडसे, थॉमस आणि एथेल जॉन्सन व त्यांच्या बहिणी यांच्या ज्या चित्रफिती तुमच्या संग्रहात असतील, त्यांची तारीख, ठिकाण आणि दोन्ही मल्लांची नावे असलेली यादी प्रसिद्ध करावी आणि त्या पाहण्यासाठी खुल्या कराव्यात. ‘लेगसी’ विभागात आजवर ज्यांना टाकले गेले, त्यांच्यापैकी निदान या मंडळींच्या कुटुंबीयांना पुढच्या समारंभात व्यासपीठावर बोलण्याची संधी द्यावी. त्यांची मुले आणि नातवंडे आता वयाने मोठी आहेत, हे लक्षात घेऊन यात दिरंगाई करू नये.

येत्या १८ ऑगस्टपूर्वी दोन्ही संस्थांनी यावर आपला निर्णय जाहीर करावा. मागणी मान्य नसेल, तर वेलिंग्टन मान्य आणि न्यूअर्क अमान्य का, याचे कारण त्याच जाहीर उत्तरात द्यावे. खासगी पत्राने दिलेले उत्तर मी उत्तर समजणार नाही, कारण हा प्रश्न माझ्या एकटीचा नाही.

कळावे.

आपली नम्र,
एक कुस्तीप्रेमी, पुणे